ऑफिसची लंच राइड: मागे न पडता टिकायचं कसं

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात नवीन आलात, बऱ्यापैकी रोड बाईक आहे, आणि टीममधलं कोणीतरी म्हणालं की ये ना दुपारी, कॅज्युअल राइड असते, तर हे वाचा. पहिली गोष्ट म्हणजे ती कॅज्युअल नसते. पाठीवर नंबर नाही, बक्षीस नाही, पण रेस आहे, आणि सँड हिल रोडवर २८० हायवे ओलांडला की ते आपोआप कळतं. फक्त ही रेस रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्यांपुरती असते, मधल्या वेळात सगळे एकमेकांना सांभाळून चालवतात. नवीन माणूस बहुतेक वेळा मागे पडतो तो पायात ताकद नसते म्हणून नाही, तर कुठे जोर लावायचा आणि कुठे गुपचूप बसून राहायचं हे त्याला माहीत नसतं म्हणून.

पुण्यातल्या लोकांना भर दुपारी सायकल म्हटलं की हसू येईल, तिकडे पहाटे साडेपाचला बोपदेव घाटाच्या पायथ्याशी असलात तरच काही खरं. इथे उलट आहे. हिवाळ्यात सकाळी अंधार आणि बोटं गारठतात, त्यात आपल्या लोकांचे सकाळी इंडिया कॉल, संध्याकाळी मुलांना आणायचं, मग उरते ती दुपार, आणि बाराला ऊन मस्त असतं, रस्तेही ऑफिसच्या वेळांपेक्षा मोकळे. इथल्या बऱ्याच कंपन्यांत हा प्रकार चालतो. मॉर्गन हिलला स्पेशलाइज्डचं मुख्यालय आहे, तिथली दुपारची राइड तर सायकलवाल्यांत प्रसिद्धच आहे. आपण मात्र पालो आल्टो-मेन्लो पार्कवाल्यांच्या नेहमीच्या रस्त्याबद्दल बोलू, ज्याला सगळे नुसतं 'द लूप' म्हणतात: सँड हिलने वर, पोर्टोला रोडने पोर्टोला व्हॅलीतून, आणि आल्पाइन रोडने खाली परत. ऑफिस कुठे आहे त्यावर २५-३० किमी होतात, तासाभराचं काम.

आधी कॅलेंडर. पावणेबारा ते दीड ब्लॉक करून टाका, दर आठवड्याला रिपीट होणारा, आणि त्याला काहीतरी खरं नाव द्या, राइड म्हणूनच लिहा, 'फोकस टाइम' लिहिलंत की कोणीतरी त्यावर मीटिंग टाकतंच. कपडे, टॉवेल, साबण सोमवारीच ऑफिसात नेऊन ठेवा. शॉवर दोन आणि माणसं बारा असं असतं तेव्हा परतल्यावर पहिल्या चार-पाचात पोचण्याला एक वेगळंच महत्त्व येतं, शेवटच्या तीन किमीत लोक जरा जास्तच तंदुरुस्त का दिसतात त्याचं हे एक कारण.

खाण्याचं सोपं आहे. सकाळचे पोहे-उपमा नेहमीसारखे खा, मग साडेदहा-अकराला एक केळं किंवा ब्रेडला पीनट बटर. डबा राइडनंतर. आधी जेवून निघालात तर पहिल्या चढाला सगळं घशाशी येतं. एका तासाच्या राइडला एनर्जी जेल-बिलची गरज नाही, एक बाटली पाणी बास, उन्हाळ्यात दोन आणि एकीत इलेक्ट्रोलाइट. खिशात काहीतरी गोड असावं म्हणून मी राजगिऱ्याची चिक्की ठेवतो, इंडियन स्टोअरमध्ये मिळते, खिशात वितळत नाही आणि अर्ध्या किमतीत काम होतं.

सायकलचं पण थोडक्यात. सकाळी हवा बघा. हल्ली २८ मिमीचे टायर असतात, ७० किलोच्या माणसाला ७०-७५ पीएसआय पुरे, शंभर भरायचे दिवस गेले. एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, सीओटू (हवा भरायची छोटी गॅसची नळकांडी) नाहीतर छोटा पंप, मल्टीटूल. पंक्चर झालं तर ग्रुप थांबेल असं गृहीत धरू नका, काही थांबतात, काहींची दीडची वन-ऑन-वन असते. मागचा लाल दिवा दुपारीसुद्धा लावा, रेडवुडच्या सावलीत ड्रायव्हरला अचानक काही दिसत नाही.

आता मुख्य भाग, म्हणजे ग्रुपमध्ये चालवणं. पुढच्याच्या चाकामागे बसलं की वारा तो खातो आणि तुमची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते, म्हणूनच एकटे गेलात तर ताशी ३२ किमीने चालवणारे तुम्ही ग्रुपात ३८-४० ने जाता आणि वर गप्पाही मारता. पण त्यासाठी चाक जवळ हवं, अर्ध्या ते एक मीटरवर, आणि नवीन लोक नेमके तिथेच घाबरतात. नजर पुढच्याच्या टायरवर खिळवून ठेवायची नाही. त्याच्या खांद्यांकडे आणि त्याच्याही पुढच्या दोघांकडे बघा, म्हणजे काय होणार ते अर्धा सेकंद आधी कळतं. कान पण वापरा: पुढच्याच्या मागच्या चाकाचं फ्रीव्हील टिकटिकायला लागलं म्हणजे त्याने पेडल मारणं थांबवलंय, तुम्हीही थांबवा, ब्रेकला हात लावायची गरज पडत नाही. उगाच ब्रेक मारणारा माणूस ग्रुपात कोणालाच आवडत नाही कारण त्याच्या एका टचने मागच्या दहाव्या माणसाला जवळजवळ थांबावं लागतं.

आपलं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीच आत घालू नका. तो सहज जरी डावीकडे सरकला तरी चाकं घासतात आणि पडतो तो मागचा, पुढच्याला बऱ्याचदा कळतही नाही. दुसरं, चढावर सीटवरून उभं राहताना सायकल क्षणभर मागे येते, चांगली वीतभर, आणि मागच्याच्या चाकावर आदळते. त्यामुळे उभं राहायच्या आधी एक गिअर जड करा आणि पेडल खाली दाबताना उठा, म्हणजे वेग तुटत नाही. हे एवढं जमलं की लोक तुमच्या मागे निश्चिंत बसतात.

पुढे यायची पाळी आली की वेग वाढवू नका. सगळ्यांना हीच खाज असते, मॅनेजर मागे आहे, दाखवू जरा, आणि मग ४० वरून ४४, मागे रांग तुटते आणि स्वतः दोन मिनिटांत संपतात. सायकलच्या कॉम्प्युटरवर वेगाचा जो आकडा आहे तोच ठेवा, तीस सेकंद ते मिनिटभर, मग कोपर हलवून खूण करा, मागे बघा, बाजूला व्हा, वेग थोडा कमी करा आणि शेवटच्या माणसाचं चाक पकडा. हा शेवटचा तुकडा महत्त्वाचा, बरेच जण पुल मारून, म्हणजे पुढे वारा खाऊन, दमतात आणि शेवटचं चाक हातातून सुटतं. शेवटून दुसरा माणूस बाजूने गेला की लगेच पेडलवर जोर द्यायला लागा. आणि दमला असाल तर पुढे येऊच नका, आधीच सांगा की आज मागे बसतोय, कोणी काही म्हणत नाही. जे म्हणतात ते अशा माणसाला, जो तासभर सावलीत बसून शेवटच्या दोनशे मीटरला उगवतो.

बोलत राहायचं. मागून गाडी, पुढे गाडी, खड्डा, काच, स्लोइंग, सगळं ओरडून, हाताने दाखवून. पोर्टोला व्हॅलीत घोडे असतात हे लक्षात ठेवा, लोक खरंच घोड्यावर बसून फिरत असतात, त्यांच्या मागून शांतपणे सूं करून जाऊ नका, लांबूनच हॅलो म्हणा, माणसाचा आवाज आला की घोडा सहसा बिथरत नाही.

रस्ता आता तुकड्या-तुकड्याने. सँड हिलवर खालून व्हेंचर कॅपिटलवाल्यांच्या ऑफिसांपर्यंत वॉर्मअप, इथे कोणी जोर लावला तर खुशाल जाऊ द्या. पुढे २८० चा इंटरचेंज, ही अख्ख्या लूपमधली सगळ्यात वाईट जागा, गाड्या रॅम्पला जायला तुमच्या लेनमधून आडव्या घुसतात, त्यामुळे इथे न्यूट्रल, म्हणजे रेस बंद, ओळीत, सरळ, खांद्यावरून बघत. तो गेला की खरी सुरुवात. व्हिस्की हिल रोडच्या वळणापर्यंतचा चढ फार मोठा नाही पण पहिला हल्ला इथेच होतो, दर वेळी, आणि नवीन माणूस इथेच सुटतो कारण चढ सुरू होताना तो शेवटी असतो. दादरला उतरायचं असेल तर माटुंग्यालाच दाराशी सरकावं लागतं, तसं इथे इंटरचेंज संपता संपता पहिल्या पाच-सहात असायला हवं. मग चढावर दोन-तीन जण तुमच्यापुढे गेले तरी माथ्यावर तुम्ही ग्रुपातच असता. माथा आल्यावर सुस्कारा सोडू नका, खरी फूट तिथे पडते, चढ संपल्यावर आणखी दहा-पंधरा सेकंद जोर लावायचाच.

पोर्टोला रोडवर पेसलाइन, म्हणजे एका ओळीत पाळीपाळीने पुढे येत, फार काही होत नाही, गाव आहे, शाळा आहे, सांभाळून. पुढे आल्पाइनच्या तिठ्यावर स्टॉप साइन. थांबा. कॅलिफोर्नियात सायकलला गाडीचेच नियम आहेत, सायकलवाल्यांना स्टॉप साइनवर न थांबता जाऊ द्यावं असं बिल २०२१ मध्ये गव्हर्नरकडे गेलं होतं, त्यांनी व्हेटो केलं. पोलिसांचं दंडाचं तिकीट महाग पडतंच, शिवाय जर्सीवर कंपनीचा लोगो घेऊन तिठ्यावरच्या मार्केटसमोर गाडीवाल्यांच्या शिव्या खाणं बरं दिसत नाही. म्हणूनच इथे रीग्रुप, म्हणजे सगळ्यांनी पुन्हा जमणं, ठेवलेला बरा, मागचे येतात, पाणी पिऊन होतं, आणि स्टॉप साइनचा फायदा घेऊन कोणी पळून गेलं तर त्याला सगळे मिळून आठवडाभर टोमणे मारतात.

आल्पाइन उताराचा आहे, वेग सहज ४५-५० होतो. स्प्रिंट आल्पाइन इन (हॉटेल) आणि अरॅस्ट्राडेरोचा फाटा गेल्यावर, लाडेराच्या दुकानांच्या बरंच आधी. नेमकी कुठली पाटी ते निघायच्या आधी विचारून घ्या, प्रत्येक ग्रुपची वेगळी असते. उतारावर लवकर सुटून काही मिळत नाही, कारण मागचे तुमच्या आडोशाला वेग घेतात आणि शेवटी बाजूने निघतात. तिसरं किंवा चौथं चाक धरा, हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वळणावर), शेवटच्या दीडशे-दोनशे मीटरला निघा, सरळ रेषेत, मान खाली घालून नाही. लाइन झाली की लगेच ब्रेक नको. आणि त्यानंतर २८० पुन्हा येतो, तेव्हा जिंकलात की हरलात ते विसरून परत ओळीत या. ई-बाईकवाल्याचं स्वागत आहे, पण तो स्प्रिंटमध्ये धरला जात नाही.

मागे पडलात तर? पहिले काही आठवडे पडालच. एकट्याने पाठलाग करायचा तो ग्रुप दहा-पंधरा सेकंदांवर असेपर्यंतच, त्याहून लांब गेला की सोडा, सुटलेला दुसरा कोणी शोधा आणि आलटून पालटून तिठ्यापर्यंत या. रस्ता पाठ ठेवा, फोनमध्ये मॅप ठेवा. आणि ऑफिसचं नातं रस्त्यावर आणू नका. डायरेक्टरला मागे टाकलं म्हणून रिव्ह्यूवर काही होत नाही, मुद्दाम थांबून त्यांना सोबत दिलीत तर उलट त्यांनाच ते लागतं. इंटर्न पोरं मात्र पहिल्या दिवशी सगळ्यांना फाडतात, ते मनाला लावून घ्यायचं नाही.

शेवटचं म्हणजे ओल्ड ला होंडा. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी कोणीतरी ऑफिसच्या चॅट चॅनेलवर टाकतं, आज ओएलएच? हा पोर्टोला रोडजवळून वरच्या स्कायलाइन रस्त्यापर्यंतचा अरुंद, झाडीतला घाट आहे, साधारण साडेपाच किमी आणि ३९० मीटर चढ, इथल्या सायकलवाल्यांची इयत्ता त्याच्या वेळेवरून ठरते. २० मिनिटांच्या आत म्हणजे वजनाच्या किलोमागे चार वॉटच्या वर ताकद, तेव्हा पहिल्यांदा त्या नादी लागू नका. इथे ड्राफ्टचा (दुसऱ्याच्या आडोशाचा) उपयोग जवळजवळ नाही, स्वतःच्या चालीने जा, पहिली पाच मिनिटं मुद्दाम सावकाश, कारण सगळे तिथेच दम संपवून बसतात आणि मग वळणावळणाला एकेक जण हाती लागतो. उतरताना हायवे ८४ ने, गाड्या असतात, वळणं आंधळी आहेत, घामाने भिजलेल्या अंगाला वरचं धुकं लागतं म्हणून पातळ विंडब्रेकर खिशात हवाच. आणि हा लंच ब्रेकमध्ये बसत नाही हो, दीडला परत येतो असं जे सांगतात ते पावणेतीनला येतात, तेव्हा त्या दिवशी दोनच्या डेमोला तुमचं नाव नाही ना ते आधी बघा.