दिवाळीच्या सुमारास लावा कुंडीत लसूण
परतीचा पाऊस थांबला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात लसूण लावायचा. गड्डा लावायच्या दिवशीच फोडा. बाहेरच्या जाड पाकळ्या निवडा, त्या सोलू नका. आतल्या काडीसारख्या पाकळ्या फोडणीला. शेंडा वर, बुडखा खाली, २ ते ३ सेंमी खोल, दोन पाकळ्यांत १० सेंमी. उलटी लागली तर कोंब वळसा घेऊन वर येतो नि गड्डा वाकडा होतो. टपोऱ्या पाकळ्यांचा डोंगरी लसूण आपल्याकडे बहुधा नुसती पात देतो, कारण गड्डा भरायला त्याला मोठा दिवस, म्हणजे जास्त तास उजेड लागतो. त्यापेक्षा गोदावरी किंवा श्वेता वाण बरं. पाणी साचलं की पाकळी कुजते. दोन महिन्यांनंतर युरिया नकोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पात पिवळी पडू लागली की पाणी तोडा, दोन-तीन आठवड्यांनी काढा.