दात्याची त्वचा सुटू लागते तेव्हा: बर्न्स वॉर्डात नव्याने येणाऱ्यांसाठी

बर्न्स वॉर्डात मला जेमतेम महिना झाला होता. खोल भाजलेल्या एका रुग्णाच्या छातीवर आम्ही दात्याची, म्हणजे मृत्यूनंतर दान केलेली, त्वचा लावली होती. सोळाव्या दिवशी ड्रेसिंग सोडलं, तर ती कडेनं सुटत होती. आपल्या हातून काहीतरी चुकलं, या धास्तीनं मी गप्प उभा राहिलो. शेजारच्या सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, तिच्याखाली बघा.” खालची जखम लालभडक, स्वच्छ होती. रुग्णाची स्वतःची त्वचा लावायला तयार.

दात्याची त्वचा कायमची राहत नाही. शरीर तिला परकी ठरवून साधारण दोन-तीन आठवड्यांत नाकारतं. गंभीर भाजलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दबलेली असते, म्हणून कधीकधी ती आणखी काही दिवस टिकते. तेवढे दिवस उघड्या जखमेतून वाहून जाणारं पाणी, प्रथिनं आणि ऊब ती अडवते, जंतूंची वाट रोखते. वेदना तर इतक्या कमी होतात, की ते रुग्णाच्या चेहऱ्यावर दिसतं.

एवढा खटाटोप का, हे मला हिशेब मांडल्यावर कळलं. अर्धं शरीर भाजलं, तर रुग्णाची स्वतःची त्वचा उरलेल्या अर्ध्यातूनच घ्यायची, त्यातूनही चेहरा आणि हातपायांचे तळवे वगळायचे. मांडीवरून पातळ थर काढला, की ती जागा भरायला 10 ते 14 दिवस लागतात. मगच तिथून पुन्हा काढता येतो. या मधल्या दिवसांत जखम उघडी ठेवणं रुग्णाला परवडत नाही.

त्वचा कमी असेल तेव्हा सँडविच पद्धत वापरतात. रुग्णाची त्वचा जाळीसारखी ताणून लावायची आणि वरून दात्याची पांघरायची. जाळीची भोकं खालून भरत जातात, वरची हळूहळू सुटते. ही पद्धत ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहून नीट बघून घ्या, वाचून ती डोळ्यांपुढे येत नाही.

टिकवण्यासाठी ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली दात्याची त्वचा लावण्याआधी सलाइननं भरपूर धुवा. घाई करू नका. लावताना चकाकणारी बाजू जखमेकडे.

नातेवाईक रक्तगट विचारतात. तो जुळावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ यांसाठी दात्याची तपासणी झालेली असते, हेही सांगा. आणि ही त्वचा पुढे निघणार आहे, हे लावण्याआधीच सांगा. मी त्या रुग्णाच्या भावाला ते सांगितलं नव्हतं. सोळाव्या दिवशी सांगताना, मी सारवासारव करतोय असं त्याला वाटलं.

मात्र पहिल्या चार-पाच दिवसांतच त्वचा उचलली गेली, तर शरीरानं नाकारली असं समजून स्वस्थ बसू नका. खाली रक्त साचलंय का, मेलेला भाग राहिलाय का, पू किंवा दुर्गंधी आहे का, ते बघा आणि त्याच क्षणी वरिष्ठांना बोलवा.