खोललेलं इंजिन बंद करताना

उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधलं पोरगं मिसरूड फुटायच्या आत इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून सांगतं, टॅपेट ढिला झालाय म्हणून. कौतुक आहेच त्याचं. पण हीच पोरं एएमई, म्हणजे विमान दुरुस्तीचं शिक्षण, करून विमानाच्या हँगरात जायला निघतात आणि जायच्या आधी माझ्याकडे येऊन बसतात, तेव्हा मी बजावतो : हाताचा अंदाज गेटाबाहेर ठेवायचा. माझी उमर जेट इंजिनांखाली गेली. त्यातून जे कळलं ते लिहितोय.

इंजिन खोलताना फारसं चुकत नाही. एक नट सुटल्याशिवाय पुढचा भाग निघतच नाही, त्यामुळे इंजिनच तुम्हाला वाट दाखवतं. बसवताना तसं नसतं. एखादी ओ-रिंग, म्हणजे तेल गळू नये म्हणून बसवायचं रबरी कडं, विसरली तरी कव्हर झक्कास बसतं, बोल्ट कसले जातात, वरून सगळं चकाचक. म्हणून खोलायला घाई केली तर एकवेळ चालेल, बंद करायला वेळ राखून ठेवा. पहाटे शिफ्ट संपताना तर जास्तच.

१९८३ च्या मे महिन्यातली गोष्ट. ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं ट्रायस्टार मायामीहून नसाऊला निघालं, १७२ माणसं घेऊन. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर बदलले होते. चिप डिटेक्टर म्हणजे तेलातला लोखंडी चुरा धरणारा छोटा चुंबकी प्लग. एरवी तो ओ-रिंग लावूनच हातात मिळायचा, त्या रात्री स्टोअरमधून आलेल्यांवर ती नव्हती. बघितलं कुणीच नाही, कामाच्या कार्डावर सही मात्र झाली. लीक बघायला इंजिन काही सेकंदच फिरवलं, तेवढ्यात तेल काय दिसणार? हवेत तिन्ही इंजिनांचं तेल गेलं. तिन्ही काटे एकदम शून्यावर आले, तेव्हा वैमानिकांना वाटलं मीटरच बिघडलेत. दोन इंजिनं बंद पडली. आधीच बंद केलेलं मधलं कसंबसं परत सुरू झालं आणि विमान मायामीला उतरलं. माणसं वाचली.

यातून हाताला लावायची सवय अशी. नवा पार्ट पाकिटातून काढला की पार्ट नंबर कार्डाशी ताडायचा. ओ-रिंगवरून बोट गोल फिरवायचं. पीळ, चीर, खरखर लागली तर बाजूला. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेल लावायचं आणि बसवण्याच्या *आधी* दुसऱ्या माणसाला दाखवायचं. बसवल्यावर दाखवून काय उपयोग?

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं : दोन्ही इंजिनांवर तेच काम एकाच रात्री एकाच माणसानं करायचं नाही. दोन इंजिनं देण्यामागचा हिशोबच असा की दोन्ही एकदम जाणार नाहीत. हात एक असला की चूकही दोन्हीकडे जाते. फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग ७३७ चं हेच झालं. रात्री दोन्ही इंजिनांची बोरोस्कोप तपासणी, म्हणजे आत दुर्बीण घालून बघणं, झाली, काम अर्ध्यावर एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, रोटर ड्राइव्हची, म्हणजे इंजिन हातानं फिरवायच्या जागेवरची, कव्हरं दोन्हीकडे बसवायची राहिली आणि शेवटी इंजिन चालवून बघितलंच नाही. उड्डाणानंतर दोन्हीकडचं तेल जवळजवळ संपलं. लंडनजवळ ल्युटनला उतरले म्हणून बचावले. माणूस कमी असेल तर दुसरं इंजिन दुसऱ्या दिवशी करा, निदान तपासणारा तरी वेगळा ठेवा. साहेब कुरकुरतील. कुरकुरू देत.

काम मध्येच सोडावं लागलं तर सुटलेल्या जागी लाल टॅग लावायचा आणि कार्डावर लिहायचं. ‘सांगितलंय त्याला’ हे चालत नाही. परत आलात की तीन पायऱ्या मागे जाऊन सुरू करायचं. मोबाइल लॉकरमध्ये.

कसण्याबद्दल आपल्या पोरांना जरा जास्त सांगावं लागतं. इथं पान्याला पाइप लावून कचकून आवळायची सवय! टॉर्क रेंच म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच कसणारा पाना; त्यावर कॅलिब्रेशनची, म्हणजे तो तपासून घेतल्याची, तारीख आधी बघा. ‘टक्’ झालं की थांबा, वर आणखी एक टक् नको. बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार म्हणजे लॉकवायर; तिची ओढ कायम कसण्याच्या दिशेनं हवी. ०.०३२ इंचाच्या तारेला इंचाला ६ ते ८ पीळ. काढलेली तार पुन्हा वापरायची नाही आणि कापलेली टोकं डब्यातच टाकायची.

हत्यारं मोजून न्यायची, मोजून आणायची. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीच्या ए३८० विमानाच्या इंजिनात इंजिन फिरवायचं सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं हत्यार राहून गेलं आणि तसंच ३४ उड्डाणं फिरलं. सव्वा मीटर! आपल्याकडं कुणी पाना इंजिनात विसरलं तर गल्ली हसते. एवढं लांबडं कसं दिसलं नसेल, असं म्हणायची सोय नाही; यादीशी पडताळून न बघितलेलं काहीही राहू शकतं.

काऊल म्हणजे इंजिनावरची उघडणारी झाकणं; त्यांचे लॅच तर खाली पोटाला असतात. उभ्यानं दिसत नाहीत, गुडघे टेकून बॅटरी मारूनच बघायचे. २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रोला एका ए३१९ विमानाची काऊलं, लॅच न लावल्यामुळे, उड्डाणाच्या वेळी उडाली. काम पुरं करायला परतलेली माणसं चुकून दुसऱ्याच विमानाकडं गेली होती. म्हणून जिन्यावर पाय ठेवायच्या आधी विमानाचं रजिस्ट्रेशन वाचून कार्डाशी जुळवा, रोजचं विमान असलं तरी.

शेवटी इंजिन चालवायचं, मॅन्युअल सांगेल तेवढा पूर्ण वेळ. मग बंद करून, काऊल उघडून, हात घातलेल्या प्रत्येक जोडावर कोरडं फडकं फिरवायचं. फडकं कोरडं आलं तर सही. वेळ नाही म्हणून कुणी घाई केली, तर ‘लीक चेक बाकी’ असं लिहून कार्ड तसंच पुढच्या शिफ्टला द्यायचं.