घरच्या खिडकीपाशी उकडीच्या मोदकाचा फोटो

पदार्थांचे फोटो घरी काढायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी उकडीचा मोदक सुचवते. पांढरा पदार्थ, नाजूक कळ्या, वर तुपाची चकाकी. हे तिन्ही फोटोत उतरलं की थालीपीठ, मिसळ पुढे सोपी जाते. गणपतीच्या आधी घरून मोदकांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकांसाठी मी हेच काम करते, आणि बहुतेकदा फोनवरच.

फोन हातात घेण्याआधी एवढंच ठरवा की या पदार्थात दिसायला काय हवं. मोदकात कळ्या दिसायला हव्यात, आणि कळी दिसते ती तिच्या शेजारच्या सावलीमुळे. म्हणून उजेड बाजूनं हवा. फ्लॅश समोरून येतो, सावल्या पुसतो आणि मोदकाचा नुसता पांढरा गोळा उरतो. घरातले दिवेही बंद करा. दिवसाचा उजेड निळसर, पिवळ्या बल्बचा उबदार. दोन्ही एकाच मोदकावर पडले तर एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी होते, ते नंतर दुरुस्त करणं फार जिकिरीचं.

टेबल खिडकीला लावा. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पंचा खिडकीवर ताणून बांधा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलची शीट उभी करा. ती जवळ सरकवली की सावली उजळते, लांब नेली की गडद होते. माझा सगळ्यात जास्त वेळ या शीटवरच जातो, आणि तो तिथेच जायला हवा. कळ्यांच्या खाचा दिसतायत पण काळ्या पडल्या नाहीत, अशी जागा सापडेपर्यंत ती हलवत राहा.

मांडणीत केळीचं पान सगळ्यांनाच हवं असतं. सुंदर दिसतंच, पण पानाचा हिरवा रंग मोदकाच्या तळाला उमटतो. जवळून पाहिलंत तर पांढऱ्या उकडीवर खालून हिरवट झाक चढलेली दिसेल. म्हणून मी पानाचा छोटा तुकडा मागच्या बाजूला ठेवते आणि मोदक लाकडी पाटावर. स्टीलचं ताट टाळा, त्यात खिडकी, फोन आणि तुमचा हात सगळंच दिसतं. चार मोदक पुरतात: तीन अख्खे मागे थोडे वाकडेतिकडे आणि एक फोडलेला पुढे, गूळखोबऱ्याचं सारण दाखवणारा. हा फोडलेला मोदक मधोमध नको, जरा एका बाजूला असू द्या. उकड वाळून तडकते, म्हणून फोटोची वेळ येईपर्यंत मोदक ओल्या फडक्याखाली राहू देत. तूप अगदी शेवटी, ब्रशनं.

फोन मोदकाच्या उंचीच्या थोडाच वर धरा. अगदी वरून काढला तर कळ्यांची चांदणी छान येते, पण मोदकाची उंची जाते. फार जवळ जाऊ नका, पुढचा मोदक फुगलेला दिसतो. थोडं मागे सरकून २एक्स झूम वापरा. पुढच्या मोदकावर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो. चौकटीत पांढरं जास्त असलं की फोन ते राखाडी करून टाकतो, तेव्हा एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं वाढवा. मात्र तुपाची चकाकी सपाट पांढरी होण्याआधी थांबा, तिथला तपशील परत आणता येत नाही.

एडिटिंगला मोफत मिळणारं स्नॅपसीड अ‍ॅप पुरतं. आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल, मग क्रॉप. व्हाइट बॅलन्ससाठी चौकटीच्या कडेला एक पांढरी वाटी ठेवून फोटो काढलेला असेल तर ड्रॉपर (पांढरं कोणतं ते दाखवायचं टूल) तिच्यावर टेकवता येतो, वाटी नंतर क्रॉपमध्ये जाते. मग हायलाइट्स (उजळ भाग) थोडे खाली, शॅडोज (गडद भाग) किंचित वर. स्ट्रक्चर, म्हणजे पोताचा उठाव, वाढवण्याचा मोह आवरा. उकडीचा मऊपणा जाऊन ती प्लास्टरसारखी खरखरीत दिसते. सॅच्युरेशनही (रंगांचा गडदपणा) जपून, आधी केशर आणि सारणच भडक होतं. पाटावर सांडलेले खोबऱ्याचे कण हीलिंग या डाग पुसणाऱ्या टूलनं काढा, एखादा राहिला तर बिघडत नाही.

इन्स्टाग्रामच्या उभ्या पोस्टसाठी १०८० बाय १३५० पिक्सेल पुरे. मेनूकार्डावर ४ बाय ६ इंचाचा फोटो ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) छापायचा तर १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. छपाईवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला तर तो कॉम्प्रेस होतो आणि कळ्यांचा बारकावा कमी होतो.