मोटर बदलल्यावर सनरूफ रीसेट कसं करायचं?

नवी मोटर बसवली, स्विच दाबला आणि काच दोन बोटं सरकून थांबली. किंवा बंद होता होता उलटी मागे गेली. लगेच मोटरला दोष देऊ नका. काच कुठे पोचली हे मोटर स्वतःचे फेरे मोजून ठरवते. मोटर काढली की तो हिशेब चुकतो आणि नव्याने शिकवावा लागतो. काही गाड्यांत बॅटरीची वायर काढल्यावरही हेच होतं.

रीसेट फसतं ते बहुतेक वेळा त्याआधीच्या कामामुळे. मोटर बसवताना काच पूर्ण बंद आणि दोन्ही बाजूंनी सारखी हवी. एक कोपरा जरी पुढे दिसला तरी काच ओढणारी केबल एका बाजूला सरकली आहे असं समजा. मोटर पुन्हा उतरवून काच सरळ करावी लागेल, कितीही रीसेट केलं तरी ते जुळणार नाही. रेलमधली धूळ, सुकलेली पानंही आधीच काढा. काच सरकवायला किती जोर लागतो हेसुद्धा मोटर याच वेळी शिकते.

आता गाडी सुरू ठेवा, म्हणजे व्होल्टेज पडणार नाही. बंद करायचं बटण दाबून धरा. साधारण दहा सेकंदांनी, काही गाड्यांत त्याहून उशिरा, काच किंचित हलून थांबते. बटण सोडा आणि लगेच पुन्हा दाबून धरा. काच आपोआप पूर्ण उघडेल, मग पूर्ण बंद होईल. ती थांबेपर्यंत बोट उचलायचं नाही. मध्येच सुटलं तर पहिल्यापासून सुरुवात. कोणतं बटण आणि किती वेळ, हे मॉडेलप्रमाणे बदलतं, तेव्हा गाडीचं मॅन्युअल उघडून बसा.

या फेरीत अडथळा आला तर काच मागे जाईलच असं नाही. मुलांना गाडीबाहेर ठेवा, स्वतःचा हातही काचेच्या वाटेपासून लांब.

झाल्यावर एका टचमध्ये काच उघडते-मिटते का बघा. मग पुठ्ठ्याची गुंडाळी आडवी धरून बंद करा. काच तिला टेकताच मागे फिरायला हवी. फिरली नाही तर सनरूफ वापरू नका. काचेने अजिबातच हालचाल केली नाही तर आधी फ्यूज तपासा. काही गाड्यांत मात्र बटणाने काम होत नाही, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण) लावूनच मोटर शिकवावी लागते.