वाफवलेल्या तिसऱ्या : घरी शिजवण्याची आणि वाढण्याची रीत

गोव्यात तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, बहुधा आडोळीवर (विळीवर) कच्च्याच फोडून खोबऱ्याच्या सुक्यात घातल्या जातात. परंतु त्यांची मूळ गोडी चाखायची असेल, तर नुसत्या वाफवलेल्या तिसऱ्यांना तोड नाही.

घरी आणल्यावर फुटक्या तिसऱ्या प्रथम काढून टाकाव्यात, आणि तोंड उघडलेली तिसरी ओट्यावर हलकेच आपटूनही मिटत नसेल, तर ती मेलेली समजून टाकून द्यावी; येथे काटकसर मुळीच करू नये. एक लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम मीठ विरघळवून उरलेल्या तिसऱ्या त्यात दोन तास ठेवल्या, की त्या पोटातली रेती बाहेर टाकतात. नंतर त्या हाताने उचलून घ्याव्यात, कारण पाण्यासकट ओतल्यास तळाची रेती पुन्हा त्यांच्यावरच पडते.

रुंद पातेल्यात अर्धी वाटी पाणी, ठेचलेली लसूण आणि एक हिरवी मिरची उकळावी, तिसऱ्या घालून घट्ट झाकण ठेवावे. मीठ नको, खारेपणा त्यांच्यातच असतो. मोठ्या आचेवर चार ते सहा मिनिटांत शिंपल्या उघडतात. उघडतील तशा काढाव्यात, अन्यथा मांस चिवट होते. शेवटपर्यंत मिटून राहिलेल्या टाकून द्याव्यात.

पातेल्यात उरलेला पांढुरका रस हाच खरा ठेवा होय. तो पातळ फडक्यातून गाळून, आमसूल घालून वाटीत द्यावा, आणि त्यात बुडवायला गरम पोई, म्हणजे गोव्याचा पाव, असावी.