बाहेरचे पोर्ट्रेट आणि मराठवाड्याचे ऊन : या चुका टाळा

उघड्यावर काढलेले पोर्ट्रेट फसले की दोष बहुधा लेन्सच्या माथी मारला जातो. वास्तविक मॉडेलच्या चेहऱ्यावर येणारा प्रकाश दोन वाटांनी येतो. एक आकाशातून, आणि दुसरा पायाखालच्या जमिनीवरून व आसपासच्या भिंतींवरून उलटून. पहिल्याची चर्चा सगळेच करतात; दुसऱ्याकडे कोणी बघत नाही, आणि निम्म्याहून अधिक चुका तिथेच होतात.

आधी वेळेचे पाहू. छत्रपती संभाजीनगर साधारण २० उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात तिथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. शिवाय आपली प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आणि आपण त्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे आपल्याकडची खरी मध्यान्ह बाराला नव्हे, तर साडेबाराच्या आसपास होते. ‘दोन वाजले, आता ऊन कलले’ असे समजून मे महिन्यात शूट सुरू करणाऱ्याला म्हणूनच डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आणि नाकाखाली मिशीसारखी सावली मिळते. उन्हाळ्यात साडेपाचच्या आधी उघड्यावर मॉडेलला उभे करू नये. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे तेव्हा सकाळी नऊ-दहाचे ऊनही चांगले कामी येते.

आता जमिनीकडे वळू. परभणी-हिंगोलीच्या कापसाच्या रानात काढलेल्या फोटोंत चेहरा हनुवटीकडे काळवंडतो, याचे कारण काळी माती प्रकाश पिऊन टाकते आणि खालून चेहऱ्याला काहीच परत मिळत नाही. त्याच मॉडेलला शेताच्या कडेच्या मुरमाच्या वाटेवर किंवा चुना मारलेल्या भिंतीसमोर आणा. कॅमेऱ्याला हात न लावता डोळ्यांखालची सावली उजळलेली दिसेल. रानातच काम करायचे असेल तर स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी थर्माकोलची पांढरी शीट उजेड उलटवून चेहऱ्यावर टाकणाऱ्या महागड्या रिफ्लेक्टरइतकीच उपयोगी पडते. ती धरताना मात्र एक चूक सर्रास होते : मदतनीस शीट मॉडेलच्या पायाशी धरतो, मग नाकाची सावली वर कपाळाकडे जाते आणि चेहरा भेसूर दिसतो. शीट छातीच्या उंचीवर, किंचित बाजूला असावी आणि तिचा उजेड वरून येणाऱ्या प्रकाशापेक्षा कमीच राहावा. चंदेरी किंवा सोनेरी रिफ्लेक्टर भर उन्हात वापरूच नयेत. मॉडेलचे डोळे मिटतात आणि कातडी तेलकट दिसते.

सावलीत नेले की प्रश्न सुटला, असेही नाही. लिंबाच्या झाडाखाली पानांतून कवडसे उतरतात आणि गालावर पांढरे डाग पडतात, जे नंतर एडिटिंगमध्ये निघत नाहीत. मॉडेलला बोलावण्याआधी त्या जागी आपली मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरून सावकाश फिरवावी : बोटांच्या पेरांवरून उजेड कुठून येतो आणि कुठे तुटतो, हे लगेच कळते. हिरवळीवर किंवा उसाच्या फडाला खेटून उभे केल्यास हनुवटीखाली हिरवट झाक येते, तीही त्याच उलटून आलेल्या प्रकाशाची. माझ्या मते आपल्याकडची सर्वांत भरवशाची जागा म्हणजे जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा किंवा घराची ओसरी. मॉडेलला उंबऱ्याच्या हातभर आत, तोंड अंगणाकडे करून उभे करावे. अंगणातला उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर येतो, डोळ्यांत चमक दिसते आणि मागे आपसूक काळोख मिळतो.

बीबी का मकबऱ्यासमोर नेमकी उलटी अडचण येते. संगमरवर आणि चुन्याचा गिलावा यांची पांढराई पाहून कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे मीटर अख्खी चौकट करडी करू पाहते, आणि सावळा चेहरा आणखी काळा पडतो. तिथे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, एखाद्या स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वाढवावे, किंवा स्पॉट मीटरिंगने, म्हणजे चौकटीतल्या एका ठिपक्यापुरता उजेड मोजून, थेट गालावरून मोजावे. देवगिरीच्या काळ्या पाषाणाच्या तटासमोर मीटर उलट बाजूला चुकते आणि उन्हातला चेहरा जळतो. तिथे तेवढेच कमी करावे. चेहरा ‘उजळ’ करण्याच्या नादात एडिटिंगमध्ये सावळी कांती पिठूळ करून टाकण्याची जी सवय पडली आहे, ती मला या सर्व चुकांत अधिक खटकते, कारण ती जाणूनबुजून केलेली असते.

मागची पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून उन्हात एफ/२ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र खूप उघडून, जाणाऱ्यांनी साधे गणित ध्यानात ठेवावे : आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ला लख्ख उन्हात एफ/१६ वर (लेन्सचे छिद्र बारीक) शटर १/१०० सेकंद उघडा लागतो, म्हणजे एफ/२ वर १/६४००. ज्या कॅमेऱ्याचा शटर १/४००० लाच थांबतो, त्यात फोटो पांढरा पडणारच; लेन्सवर उजेड कमी करणारी काळसर काच, म्हणजे एनडी फिल्टर, लावावा किंवा सावली गाठावी. मोबाइलवर काढताना चेहऱ्याशी फार जवळ जाऊ नये, नाक मोठे दिसते. दोन मीटर मागे सरून २एक्स किंवा ३एक्स लेन्स वापरावी. पैठणी नेसलेली मॉडेल सावलीत असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोतले रंग जुळवण्याची सोय, ऑटोवर सोडू नये, कारण प्रत्येक फोटोत काठाचा रंग बदलतो.

मॉडेल सतत डोळे बारीक करत असेल, तर तिला डोळे मिटायला सांगून तीन म्हणताच उघडायला लावावे आणि त्याच क्षणी फोटो घ्यावा. घाम रुमालाने पुसू नये, टिपून घ्यावा. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. दारातून परत फिरावे लागले की संध्याकाळचा तो एकच चांगला तास हातचा जातो.